टॉर्चच्या डब्यावरचे शब्द: कुठला आकडा वाचायचा, कुठला सोडून द्यायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "ऊस आणि डाळिंब आहे. आठवड्यातले काही दिवस लाइट रात्रीची असते, तेव्हा मोटर चालू करायला बांधावरून जावं लागतं. भागात बिबट्या आहे. चांगली बॅटरी घ्यावी म्हणून ऑनलाइन बघायला गेलो तर लुमेन, कँडेला, १८६५०, प्रोटेक्टेड, सीआरआय, टर्बो असले शब्द. एक सहाशे रुपयांत एक लाख लुमेन सांगते, दुसरी चार हजारांची असून हजारच सांगते. यातलं काय समजून घ्यायचं?"

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. "तीन सेलची बॅटरी" म्हटलं की गावात सगळ्यांना कळतं. इथे मात्र मी हातात धरायच्या वस्तूला टॉर्च म्हणेन आणि आत टाकायच्या वस्तूला सेल, नाहीतर निम्म्यात तुमचा आणि माझा गोंधळ व्हायचा. मी वीसेक वर्षं हेच करतोय. दुकानात टॉर्च उघडतो, एलईडी बदलतो, सेलचे पॅक बांधतो आणि जमेल तेव्हा रात्रीच्या ट्रेकला जातो. या नादातले शब्द पुष्कळ आहेत, पण माझा अनुभव असा की डब्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला आकडा सगळ्यात कमी सांगतो. टॉर्चच्या बाबतीत तो आकडा लुमेनचा, म्हणजे उजेडाचा, आणि सेलच्या बाबतीत एमएएचचा, म्हणजे साठ्याचा.

लुमेन म्हणजे टॉर्चमधून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. कँडेला म्हणजे एका दिशेला तो किती दाट आहे. पाण्याच्या पाइपवरून चटकन कळेल. पाइपातून मिनिटाला किती बादल्या पाणी येतं ते लुमेन. तोंडावर अंगठा दाबलात की पाणी तेवढंच येतं, किंबहुना थोडं कमीच, पण धार पार वाफ्याच्या टोकाला जाते. ती धार म्हणजे कँडेला. गिऱ्हाईक दुकानात येऊन "फोकस लांब पडतो का?" विचारतं तेव्हा ते कँडेलाच विचारत असतं, फक्त शब्द वेगळा.

हे मोजायचं एक प्रमाण आहे, अमेरिकेत २००९ साली ठरलेलं, एफएल-१ नावाचं. बऱ्या कंपन्या त्याची छोटी चित्रं डब्यावर छापतात. त्यात पल्ला ठरवायची रीत अशी: ज्या अंतरावर प्रकाश पाव लक्स उरतो, तेवढा पल्ला. लक्स म्हणजे समोरच्या वस्तूवर किती उजेड पडतो त्याचं माप. पाव लक्स म्हणजे निरभ्र रात्रीचं पौर्णिमेचं चांदणं. हिशोब सोपा आहे, कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, मीटर मिळतात. १०,००० कँडेला असतील तर वर्गमूळ १००, पल्ला २०० मीटर. पल्ला ४०० मीटर हवा तर कँडेला दुप्पट होऊन भागत नाही, चौपट लागतात, म्हणजे ४०,०००. म्हणून "दुप्पट पॉवरची" टॉर्च घेऊन लोक नाराज होतात. फोकस दुप्पट लांब जाईल अशी त्यांची अपेक्षा असते, आणि तो जातो जेमतेम दीडपटीच्या आत.

आणि चांदण्यात काय दिसतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. काहीतरी हललं एवढं कळतं, कुत्रं होतं की बिबट्या हे कळत नाही. मी छापील पल्ल्याला तीनने भागतो. ३०० मीटर लिहिलं असेल तर १०० मीटरवरचं जनावर ओळखता येईल असं धरून चालतो.

लांब फोकस मारणाऱ्या टॉर्चला थ्रोअर म्हणतात, जवळ सगळीकडे उजेड पसरवणारीला फ्लडर. फरक दोन गोष्टींनी पडतो. एलईडीचा पिवळा ठिपका जितका लहान आणि त्यामागचा रिफ्लेक्टर जितका मोठा व खोल, तितका फोकस लांब. भिंतीवर टॉर्च मारलीत तर मध्ये तेजस्वी गोळा दिसतो, तो हॉटस्पॉट. भोवती फिकट मोठा फेर दिसतो, तो स्पिल. बांधावर चालणाऱ्याला स्पिल फार महत्त्वाचा, कारण पायाखालचं त्यातच दिसतं. रिफ्लेक्टर गुळगुळीत असेल तर फोकस लांब पण कडा तुटक. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत असेल तर उजेड मऊ. रिफ्लेक्टरऐवजी जाड पारदर्शक भिंगासारखा ठोकळा बसवलेला असेल तर ते टीआयआर. हेडटॉर्चला ते छान. पुढे-मागे सरकवायची झूम टॉर्च आपल्याकडे घरोघरी आहे. ती पूर्ण आवळून भिंतीवर मारा, बर्फीच्या वडीसारखा चौकोनी ठिपका दिसेल. ती एलईडीचीच सावली, म्हणजे खरं तर प्रतिमा. पण त्या अवस्थेत निम्म्याहून जास्त प्रकाश नळकांड्याच्या आतच अडतो आणि स्पिल शून्य. लांबचं झाड दिसतं, पायाखालचं दगड-भोक दिसत नाही. मी शेतासाठी कुणाला झूम टॉर्च देत नाही.

आता त्या एक लाख लुमेनचं बघू. चांगला एलईडी जोरात चालवला की साधारण एका वॉटमागे शंभर-सव्वाशे लुमेन देतो. लाख लुमेनला निदान आठशे-हजार वॉट लागतील. हजार वॉट म्हणजे घरातली इस्त्री. आणि त्या टॉर्चमध्ये एक १८६५० सेल आहे, त्यात चांगल्यातला चांगला असला तरी साधारण साडेबारा वॉट-अवर ऊर्जा, म्हणजे साडेबारा वॉटचा दिवा तासभर चालेल एवढी. म्हणजे त्या सेलवर इस्त्री पाऊण मिनिट चालेल, तीही सेलने तेवढा करंट दिला तर. आणि तो देऊ शकत नाही. सहाशेच्या टॉर्चवर छापलेल्या लाखातून दोन शून्यं खोडा, बहुतेक वेळा तरीही आकडा फुगलेलाच उरतो.

खऱ्या लुमेनमध्येही एक मेख आहे. एफएल-१ प्रमाणे लुमेन मोजतात ते टॉर्च लावल्यावर तीस सेकंदांपासून दोन मिनिटांच्या आत. पण ताकदीच्या टॉर्च त्यानंतर स्वतःहून मंदावतात. याला स्टेप-डाउन म्हणतात आणि सगळ्यात वरच्या पायरीला टर्बो. गिऱ्हाईक परत येतं, "दोन मिनिटांत डिम होते, खराब आहे." खराब नसते. एलईडीला दिलेल्या विजेतला निम्म्याहून जास्त भाग उष्णतेत जातो आणि मुठीत मावणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नळीला ती एवढ्या भराभर बाहेर टाकता येत नाही. मंदावली नाही तर हात पोळेल आणि एलईडी जळेल. मुठीएवढ्या टॉर्चला सलग सातशे ते हजार लुमेनच्या आसपासच झेपतं, डब्यावर तीन हजार लिहिलेले असोत की पाच. तुम्ही विचारायचा आकडा हा, "सलग किती?" चांगल्या परीक्षणात रनटाइमचा, म्हणजे किती वेळ किती उजेड टिकतो त्याचा आलेख असतो, त्यात रेघ कुठे आडवी होते ते बघा. कारण छापील रनटाइमही फसवा. उजेड मूळच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात. "१००० लुमेन, ६ तास" याचा अर्थ सहाव्या तासाला हजार लुमेन असा नाही. तेव्हा शंभर असतील.

यावर एक दिलासा आहे. आपला डोळा प्रकाश सरळ हिशोबाने मोजत नाही. उजेड दुप्पट वाटायला लुमेन जवळजवळ चौपट लागतात. त्यामुळे हजार आणि बाराशेमध्ये डोळ्याला काही फरक कळणार नाही, त्यासाठी जादा पैसे मोजू नका. बांधावरून नुसतं चालायला शंभर-दीडशे लुमेन भरपूर होतात.

बिबट्याचं विचारलंत म्हणून सांगतो, हे कुठल्या डब्यावर लिहिलेलं नसतं. मांजरवर्गातल्या जनावरांच्या, तसंच कुत्र्या-गुरांच्या डोळ्यांत मागे आरशासारखा थर असतो. तो प्रकाश ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत फेकतो. टॉर्च कमरेशी धरलीत तर ती चमक टॉर्चकडे जाते, तुमच्या डोळ्यांत कमी येते. गालाशी, डोळ्यांच्या पातळीला धरलीत की तेच डोळे निखाऱ्यासारखे दिसतात. उसाच्या कडेने जाताना थांबून, टॉर्च कानशिलाशी धरून एकदा सावकाश फिरवा, मग पुढे जा. धुक्यात मात्र बरोबर उलटं करायचं. हरिश्चंद्रगडावर पावसाळ्यात हेडटॉर्च लावून बघा, समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते, कारण थेंबांवरून परतलेला उजेड थेट डोळ्यांत येतो. तीच टॉर्च डोक्यावरून काढून गुडघ्याशी धरली की वाट दिसायला लागते. आणि हो, टॉर्च हे बिबट्यावरचं औषध नव्हे. दोघं मिळून, मोठ्यानं बोलत जाणं जास्त कामाचं.

आता उजेडाचा रंग. 'केल्विन'मधला आकडा उजेड पिवळसर की निळसर ते सांगतो. जुना तारेचा बल्ब २७०० च्या आसपास, भर दुपारचं ऊन साधारण ५५००, आणि स्वस्त टॉर्चचा निळसर पांढरा ६५०० किंवा त्याच्याही वर. सीआरआय ही वेगळी गोष्ट. त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचे गुण, शंभरपैकी. माझ्या आजोबांच्या तीन सेलच्या टॉर्चमध्ये तारेचा बल्ब होता. उजेड कंजूष, वीस-तीस लुमेनचा असेल नसेल. पण सीआरआय जवळजवळ शंभर! आज चार-चार हजार मोजून लोक जे शोधतात ते आजोबांच्या खुंटीला टांगलेलं होतं.

एलईडीत रंग का हरवतात, तर पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या ठिपक्यावर पिवळा फॉस्फर, म्हणजे उजेड पडला की स्वतः चमकणारी पूड, फासलेला असतो, निळं आणि पिवळं मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. हा तेजस्वी निळा एलईडी जपानमधल्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये बाजारात आणण्याजोगा केला. अकासाकी आणि अमानो यांच्यासोबत त्यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण या निळ्या-पिवळ्याच्या मिश्रणात गडद लाल फार कमी. गंमत म्हणजे साधा सीआरआय आठ फिकट रंगांच्या सरासरीवर काढतात, त्यात गडद लाल नाहीच. तो 'आर९' नावाने वेगळा मोजतात. म्हणून डब्यावर सीआरआय ८० असूनही डाळिंब तपकिरी दिसू शकतं. दुकानात तपासायची माझी पद्धत अशी: टॉर्च स्वतःच्या तळहातावर मारा. तळवा गुलाबी, रक्ताचा दिसला तर ठीक. मढ्याच्या हातासारखा राखाडी-हिरवट दिसला तर राहू द्या.

हे शौकिनांचे लाड वाटतील, पण उसातल्या माणसाला याचा थेट उपयोग आहे. वाळलेल्या पाचटात घोणस बसलेली असेल तर पाचट तपकिरी, घोणस तपकिरी, तिच्या पाठीवरची साखळी गडद तपकिरी. निळसर, कमी सीआरआयच्या उजेडात या तिन्ही छटा एक होतात. ४०००-५००० केल्विन आणि ९० च्या वरच्या सीआरआयमध्ये ती साखळी उठून दिसते. पल्ला आणि लुमेन थोडे कमी होतात, ते मी खुशाल सोसतो. निचियाचा ५१९ए हा एलईडी यासाठी शौकिनांचा लाडका आहे, टॉर्चच्या माहितीत दिसला तर लक्षात ठेवा. 'टिंट' म्हणून आणखी एक शब्द येईल, उजेडाला हिरवट झाक आहे की गुलाबी, यावर लोक रात्र-रात्र भांडतात. तुम्ही त्यात पडू नका.

सेलकडे येतो. खरे अपघात इथेच होतात, म्हणून जरा दमानं.

१८६५० हा नमुना नाही, माप आहे: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, शेवटचं शून्य म्हणजे गोल नळकांडं. २१७०० म्हणजे २१ बाय ७०. तशीच १४५०० म्हणजे १४ बाय ५०, आणि हेच माप आपल्या पेन्सिल सेलचंही असतं. इथे फसगत होते. पेन्सिल सेल दीड व्होल्टचा, १४५०० लिथियम-आयन भरलेला असताना ४.२ व्होल्टचा. मुलाने तो भिंतीवरच्या घड्याळात टाकला म्हणून जळलेली घड्याळं माझ्याकडे आली आहेत. रूप सारखं, जोर अडीचपटीच्या वर.

लिथियम-आयन सेल बाजारात पहिल्यांदा आणला सोनीने, १९९१ मध्ये. त्याचं व्होल्टेज म्हणजेच त्याचा काटा: ४.२ ला भरलेला, ३.६-३.७ ला अर्ध्याच्या आसपास, ३ च्या खाली रिकामा. दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घरात ठेवा, टॉर्चपेक्षा जास्त कामाला येईल.

एमएएच म्हणजे सेलमध्ये किती साठतं. आज खऱ्या १८६५० मध्ये साधारण ३५०० च्या आसपास मर्यादा येते. २१७०० चे सर्रास मिळणारे सेल ५००० चे असतात. गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक ९९०० एमएएच छापलेला १८६५० घेऊन आलं, अर्धा तासही चालत नाही म्हणून. मी तो शेजारच्या सोनाराच्या काट्यावर ठेवला: ३१ ग्रॅम. माझ्या ड्रॉवरमधला चांगला सेल ठेवला: ४७ ग्रॅम. सोनार हसला, म्हणाला, हे तर आमच्यासारखंच झालं, कस लावायच्या आधी वजन. किती भरलं ते मोजणाऱ्या चार्जरवर लावला तर सातशे एमएएच भरले. खरा १८६५० पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅमच्या दरम्यान असतो. चाळीसच्या आत असेल तर त्यात माल नाही. एवढी सोपी परीक्षा दुसरी नाही.

दोन वेगळ्या जातींच्या सेलचे एमएएच मात्र एकमेकांशी ताडू नका. एमएएचला हजाराने भागून व्होल्टने गुणलं की वॉट-अवर मिळतात. २००० एमएएचचा रिचार्जेबल पेन्सिल सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे २.४ वॉट-अवर. ३५०० चा १८६५०, ३.६ व्होल्टने १२.६ वॉट-अवर. एमएएच पावणेदोनपट दिसतात, ऊर्जा पाचपट आहे. वॉट-अवरच विचारा. विमानातसुद्धा तेच मोजतात: सुटे लिथियम सेल आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, आणि शंभर वॉट-अवरपर्यंत विनापरवानगी.

साठा झाला. धार किती सुटते ते सीडीआर, म्हणजे सेल सलग किती अँपिअर देऊ शकतो. घागर आणि तिचं तोंड असं समजा. एलजीचा एमजे१ हा ३५०० एमएएचचा सेल १० अँपिअरचा, सॅमसंगचा ३०क्यू ३००० चाच पण १५ अँपिअरचा. घागर मोठी हवी की तोंड, दोन्ही एकाच मापात पूर्ण मिळत नाही. तीन एलईडीची भडक टॉर्च असेल तर मोठ्या तोंडाचा सेल. साधी कामाची टॉर्च असेल तर मोठी घागर.

याच्याच जोडीचा शब्द अंतर्गत रोध. सेल म्हातारा झाला की हा वाढतो. आकड्यात बघा: चांगल्या सेलचा रोध ०.०३ ओहम. टॉर्चने १० अँपिअर ओढले की ०.३ व्होल्ट आतच पडतात, ४.१ चे ३.८ उरतात, काही बिघडत नाही. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेल्या सेलचा रोध ०.१ ओहम असेल तर एक अख्खा व्होल्ट पडतो. मल्टिमीटरवर सेल ४.१ दाखवतो, बटण दाबलं की टॉर्चला ३.१ मिळतात आणि ती "सेल संपत आला" समजून मंदावते किंवा बंद होते. लोक टॉर्चला दोष देतात. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत रंगीत नव्या कव्हरातले असे म्हातारे सेल स्वस्तात मिळतात. सोलरच्या छोट्या दिव्याला चालतील, तुमच्या टॉर्चला नाही.

'प्रोटेक्टेड' म्हणजे सेलच्या बुडाशी छोटं सर्किट असतं. सेल फार उतरला, फार भरला किंवा शॉर्ट झाला तर ते वाट तोडतं. अशा सेलवर कधी मल्टिमीटर शून्य दाखवतो. मेलेला नसतो, सर्किट तुटलेलं असतं, चार्जरला लावलं की बहुधा जागा होतो. सर्किटमुळे सेल तीन-पाच मिलिमीटर लांब होतो आणि काही टॉर्चमध्ये मावत नाही. उलट सपाट डोक्याचा, फ्लॅट टॉप सेल काही टॉर्चमध्ये टेकतच नाही, तिथे उंचवट्याचा बटन टॉप लागतो. घेण्याआधी टॉर्चच्या माहितीपत्रात हे एक वाक्य शोधाच. बिनसर्किटचा सेल मात्र फार उतरून दोन व्होल्टच्या खाली महिनोन्महिने पडून राहिला असेल तर त्याला जागं करायच्या भानगडीत पडू नका. आतलं तांबं विरघळतं आणि पुन्हा भरताना आतल्या आत शॉर्ट व्हायची भीती असते.

सेलवरचं पातळ रंगीत प्लास्टिक, ज्याला रॅप म्हणतात, ते शोभेचं नाही. लिथियम सेलचं अख्खं धातूचं अंग ऋण असतं, अगदी वर धन टोकाच्या भोवतालच्या खांद्यापर्यंत. दोघांमध्ये असते फक्त एक कागदी चकती आणि हे प्लास्टिक. खांद्यावर प्लास्टिक फाटलं आणि तिथे टॉर्चचा धातू टेकला की सरळ शॉर्ट. दर महिन्याला सेल काढून नखाने चाचपा. फाटलं असेल तर नवं रॅप दहा-वीस रुपयांत चढतं, हेअर ड्रायरनेसुद्धा. आणि सुटा सेल खिशात किल्ल्यांबरोबर कधीच टाकू नका. माझ्या ओळखीच्या एका पोराच्या मांडीवर त्याचा डाग आहे. प्लास्टिकची डबी पाच रुपयांची असते.

एकापुढे एक असे दोन सेल घेणारी टॉर्च असेल तर दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच वयाचे, एकत्र वापरलेले आणि एकत्र भरलेले हवेत. बैलजोडीसारखंच आहे हे. एक ताकदीचा आणि एक मरतुकडा जुंपला की ताकदीचा ओढत राहतो आणि दुसरा फरफटतो. सेलमध्ये फरफटणं म्हणजे रिकामा झालेला सेल उलटा चार्ज होणं, आणि तिथून आग. मी नवख्याला नेहमी एका सेलची टॉर्च घ्यायला सांगतो, ती याचसाठी.

भरताना सेलच्या एमएएचच्या साधारण निम्म्या करंटने भरा, ३००० च्या सेलला दीड अँपिअर. चार्जर आधी ठरलेल्या करंटने भरतो, मग ४.२ व्होल्ट धरून करंट कमी कमी करत नेतो. घागर भरत आली की आपण नळ बारीक करतो तसं. शेवटचा थोडा भाग भरायला वेळ लागतो, तो बिघाड नाही. गादीवर, उशीवर चार्जिंग नको. महिना-दोन महिने वापरायचा नसेल तर पूर्ण भरून ठेवू नका, ३.७ च्या आसपास, घरातल्या थंड कोपऱ्यात. भरलेला सेल आणि मे महिन्यात उन्हात उभी गाडी, याने सेल जेवढा म्हातारा होतो तेवढा वर्षभराच्या वापराने होत नाही.

साधे अल्कलाइन सेल टॉर्चमध्ये विसरलात तर ते गळतात, पांढरी पूड धरतात. ती पूड क्षारधर्मी असते, म्हणून कापसाच्या बोळ्याला लिंबू किंवा व्हिनेगर लावून पुसा, पाण्याने नव्हे, आणि पूर्ण वाळू द्या.

उरलेले शब्द भराभर. यूआय म्हणजे बटणाची भाषा, एकदा दाबलं तर काय, धरून ठेवलं तर काय. अँड्युरिल नावाची एक फुकट, खुली प्रणाली शौकिनांत फार चालते. तिच्यात बंद टॉर्चवर तीनदा दाबलं की ती व्होल्टेज मिचकावून सांगते, चार मिचक्या, विश्रांती, एक मिचकी, म्हणजे ४.१. मला ती आवडते, पण शेतावर घरातली चार माणसं तीच टॉर्च वापरणार असतील तर नको. आई अंधारात चार वेळा बटण दाबून लॉक करून बसेल. लॉकआउट म्हणजे चुकून सुरू होऊ नये म्हणून लावायचं कुलूप. ते मी एकदा विसरलो, एसटीत बॅगेत टर्बो लागला आणि रेनकोटला रुपयाएवढं भोक पडलं. तेव्हापासून मी बटणावर विसंबत नाही, मागचं झाकण अर्धा आटा सैल करतो. पीडब्ल्यूएम म्हणजे एलईडी भराभर चालू-बंद करून उजेड कमी करणं. स्वस्त टॉर्चमध्ये ते इतकं मंद असतं की पावसाचे थेंब तुटक रेघांसारखे दिसतात. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते, आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोडे. पाटाचं पाणी आणि पाऊस बघता सात किंवा आठ घ्या.

आणि टपली. टॉर्च लागेना की आपण सगळेच तिला तळहातावर टपली मारतो आणि ती लागते. सेल हलतो, आट्यांवर जमलेला काळा थर क्षणभर खरवडला जातो, वाट जुळते. टपलीची सवय लागली असेल तर टॉर्च उघडा, आटे आणि स्प्रिंगचं टोक कोरड्या फडक्याने, मग थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, रबरी ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा. माझ्याकडे येणाऱ्या 'बिघडलेल्या' चांगल्या टॉर्चपैकी निम्म्या एवढ्यानेच घरी जातात. मी पैसे घेत नाही, चहा घेतो.

तर तुमच्यासाठी: एका २१७०० सेलची टॉर्च, सेल प्रोटेक्टेड, टॉर्चच्याच कंपनीने सोबत दिलेला. कँडेला पंधरा ते पंचवीस हजारांच्या दरम्यान, म्हणजे छापील पल्ला अडीचशे-तीनशे मीटर आणि कामाचा पल्ला ऐंशी ते शंभर. याच्या खूप वर गेलात तर फोकस सुतासारखा होतो आणि पायाखालचं दिसत नाही. सलग उजेड सात-आठशे लुमेन, आणि खाली शंभरच्या आसपासची एक पायरी. ४०००-५००० केल्विन. सीआरआय ९० मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर तळहाताची परीक्षा. मोटरचा स्टार्टर बघताना दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून पुढेमागे एक हलकी हेडटॉर्चही घ्या, ती मुख्य टॉर्च बंद पडली तर परत यायलाही होईल. जादा सेल डबीत घालून मोटरच्या स्टार्टरच्या पेटीजवळ नको, घरात ठेवा. पत्र्याची पेटी उन्हाळ्यात तापते. आणि पहिल्यांदा सेल टाकाल तो दिवसाउजेडी टाका. काही टॉर्चमध्ये धन टोक काचेकडे, काहींमध्ये झाकणाकडे असतं, आणि ती खूण नळीच्या आत इतकी बारीक कोरलेली असते की रात्री बांधावर चष्म्याशिवाय वाचता येत नाही.